बारशातला गोलकीपर

अनंतरावांचं दार उघडलं की समोर आर्मिंदोचं दार. दोह्यातल्या अल नस्र भागातल्या त्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ही दोन घरं समोरासमोर होती. अनंतराव नाशिकचे, मेसईदच्या खत कारखान्यात मेंटेनन्सला. आर्मिंदो पोर्तुगालचा, एकेकाळचा गोलकीपर. आता दोह्यातल्या एका अकादमीत पोरांना गोल राखायला शिकवायचा. दोघांचीही साठी जवळ आलेली. संध्याकाळी कंपनीची बस अनंतरावांना कोपऱ्यावर सोडायची, तेव्हा आर्मिंदो बहुधा खालच्या दुकानापाशी उभाच असायचा. मग दोघं वर येऊन चहा प्यायचे. अनंतरावांची बायको सुनीती चहा करता करता म्हणायची, "यांची बस चुकली तरी चालेल, आर्मिंदोजींचा चहा चुकायला नको."

आर्मिंदोसाठी तिनं स्टीलचा पेला ठेवला होता. पहिल्या वर्षात त्यानं तिचे तीन कप फोडले. चौथ्या वेळी तिनं सरळ पेला पुढे केला. त्यानंही तो घेतला. दोन्ही हातांनी धरून प्यायचा, थंडीत शेकल्यासारखा. बाहेर मात्र उन्हानं अंग भाजून निघत असायचं.

हातांबद्दल तो कधी बोलत नसे. अनंतरावांनी एकदा शुक्रवारी अकादमीत जाऊन त्याचं शिकवणं पाहिलं होतं. शिट्टी गळ्यात, आवाज खणखणीत. पोरांना झेप कशी घ्यायची, कोपर कसं वाचवायचं, पडताना अंग चेंडूच्या मागे कसं आणायचं, सगळं सांगत होता. चेंडूही मारत होता, पण पायानं. पोरांनी परत फेकलेला चेंडू तो छातीनं थांबवायचा, पायानं थांबवायचा, एकदा तर सरळ बाजूला सरकून जाऊ दिला. तासाभरात त्यानं एकदाही चेंडू झेलला नाही. स्वयंपाक शिकवणाऱ्यानं पीठच हातात धरू नये तसं ते अनंतरावांना वाटलं. पण माणूस आपणहून बोलत नाही ते उकरू नये, असा त्यांचा स्वभाव होता.

त्या ऑक्टोबरात दोह्यात दुसरा विषयच नव्हता. वर्ल्डकप तोंडावर आलेला. आज हा रस्ता बंद, उद्या तो. दुकानांवर बत्तीस देशांचे झेंडे, इमारतींवर खेळाडूंची सहा-सहा मजली चित्रं. नोव्हेंबर लागला की सामन्याचं तिकीट नसलेल्या पाहुण्यांना देशात येता येणार नव्हतं. ज्याला कुणाला आपलं माणूस बोलवायचं होतं, त्यानं ऑक्टोबर संपायच्या आत बोलवून घ्यायचं, असं चाललं होतं.

अनंतरावांच्या घरी तर पाहुणा आधीच आला होता. त्यांची मुलगी ईशा बाळंतपणाला आईकडे आली होती. तिचा नवरा अमेय दोह्यातच नोकरीला, त्यामुळे माहेर आणि सासर यांत फक्त वीस मिनिटांचं अंतर. मुलगी झाली. सुखरूप झाली. सुनीतीनं दवाखान्यातूनच फोन करकरून अर्ध्या नाशिकला उठवलं.

त्याच आठवड्यात आर्मिंदोच्या लेकीचाही फोन आला. लेओनोर तिचं नाव. तिला मुलगा होऊन दोन महिने झाले होते आणि तिला तो बापाला दाखवायला दोह्यात आणायचा होता.

"मग कधी येतेय?" अनंतरावांनी विचारलं.

"नाही येत. मी सांगितलं, वर्ल्डकप होऊन जाऊ दे. गर्दी फार आहे."

"गर्दी व्हायला अजून महिना आहे. आत्ता तर हॉटेलवाले माशा मारतायत."

"ऊन आहे."

"ऊन काय काल सुरू झालं इथे?"

आर्मिंदोनं पेला खाली ठेवला. "खलास, अनंत. तू चहा पी."

पण अनंतरावांना राहवलं नाही. एरवी गप्प बसणारा माणूस, पण आठ दिवसांची नात घरात असताना कुणी नातवाला नको म्हणतो हे त्यांच्या डोक्यात शिरेना. "अरे, नातू आहे तुझा. लेक एवढ्या लांबून तुझ्या मांडीवर आणून ठेवते म्हणते, आणि तू उन्हाचं सांगतोस?"

आर्मिंदोनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मोठे हात होते. दोन बोटं सांध्यात वाकडी, एका करंगळीला नीट नखच नाही.

"मांडीवर ठेवला तर चालेल," तो म्हणाला. "पण ती हातात देईल. आणि माझ्या हातून तो पडेल."

आणि मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते चहा गार होईपर्यंत सांगितलं.

त्याचं गाव समुद्रकाठचं, सार्डिन मासळीचं. बाप होडीवर. होडी धक्क्याला लागली की मासळीच्या पेट्या वर फेकायचे, आणि वर कुणीतरी झेलायला लागायचं. आठव्या वर्षापासून ते काम आर्मिंदोचं. पेटी ओली, जड, वर बर्फ आणि खवले. सुटली तर बापाची दिवसाची मेहनत समुद्रात. "माझ्या हातून एकही सुटली नाही," तो म्हणाला, आणि एवढं सांगताना त्याचा चेहरा क्षणभर उजळला. गावच्या संघाच्या मास्तरानं ते पाहिलं आणि त्याला गोलात उभं केलं. चेंडू म्हणजे काय, पेटीपेक्षा हलका आणि कोरडा.

पुढे मोठ्या शहरातल्या क्लबनं नेलं. पण तिथे त्याच्याआधीचा एक गोलकीपर होता, फार चांगला. आर्मिंदो त्याच्या मागचा. लग्नात नवरदेवाबरोबर करवला असतो ना, तसा. तोही नटतो, तोही मांडवात बसतो, पण अक्षता पडतात त्या दुसऱ्याच्या डोक्यावर. अशी कित्येक वर्षं गेली. रोजच्या सरावात याच्यावर हजार चेंडू मारले जायचे, हा सगळे झेलायचा, आणि रविवारी बाकावर बसायचा. एकदा देशाच्या संघाच्या शिबिरालाही बोलावलं. तिथेही बाकावरच.

"कंटाळा नाही आला?" अनंतरावांनी विचारलं.

"बाकावर चेंडू सुटत नाही," आर्मिंदो म्हणाला.

मग आर्मिंदो चौतीस वर्षांचा असताना तो पहिला गोलकीपर जखमी झाला आणि मोसमाचे शेवटचे सामने आर्मिंदोच्या वाट्याला आले. क्लब साखळीच्या खालच्या वर्गात घसरायच्या बेतात होता. आर्मिंदोनं सामने राखले. एक पेनल्टी अडवली, त्या रात्री लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन शहरभर मिरवलं. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. पाऊस पडत होता. खेळ संपायला आला असताना लांबून एक साधा चेंडू आला. जोर नाही, वळण नाही. शाळेतल्या पोरानं धरावा असा. आर्मिंदोनं धरलाही. आणि मग तो त्याच्या हातांतून खाली घसरला, दोन पायांमधून मागे गेला, आणि सावकाश रेषेपलीकडे जाऊन थांबला.

क्लब घसरला. नोकऱ्या गेल्या, सामानवाहूंपासून तिकीटवाल्यांपर्यंत. पाववाला याच्याकडे न बघता पाव द्यायला लागला. लेओनोर नऊ वर्षांची होती. शाळेत पोरं तिला म्हणायची, तुझ्या बापाचे हात लोण्याचे आहेत.

"आणि त्यानंतर," आर्मिंदो म्हणाला, "खरंच लोण्याचे झाले. कप, किल्ल्या, काहीही. धरलंय असं वाटतं आणि बोटं आपली आपण उघडतात. डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचल्या. म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. मग मी विचारलं, तर मग कशाला झालंय?"

कारखान्यात एखादा पंप सगळ्या तपासण्यांत पास होऊन चालत नसला, तर अनंतराव म्हणायचे, चालू करून बघा, उगाच उघडू नका. पण माणसाला तसं सांगता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "शुक्रवारी बारसं आहे. तू ये."

"तिथे बाळ असणार."

"बाळाचंच बारसं. बाळ असणारच की."

"तुमच्यात काय करतात?"

अनंतरावांनी हौसेनं सांगितलं. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात. एक बाळाला पाळण्याखालून देते, दुसरी घेते आणि वरून परत देते. असं तीनदा, पाचदा करतात. मग बाळाला पाळण्यात ठेवतात आणि आत्या कानात नाव सांगते.

ऐकता ऐकता आर्मिंदोचा रंग उतरला. "खालून देतात? हातातून हातात?"

"हजार वर्षं देतायत. कुणी पाडलं नाही."

"मी भिंतीपाशी बसेन," आर्मिंदो म्हणाला. "आणि मला कुणी काही द्यायचं नाही. शब्द दे."

अनंतरावांनी शब्द दिला. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बाळाच्या आधी पाळण्यातून फिरतो तो वरवंटा. दगडाचा वरवंटा धुऊन, तेल लावून, हळदकुंकू लावून, त्याला कुंची घालून बाळासारखा नटवतात, आणि आधी तो खालून वर फिरवून पाळण्यात ठेवतात. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. लहानपणापासून बघितलेल्या गोष्टी माणूस दुसऱ्याला समजावून सांगत नाही.

दोह्यातल्या मराठी घरांत पाटा कुणाकडेच नाही. पण वरवंटा एक आहे. कुणीतरी कधीतरी पुण्याहून बॅगेतून आणलेला. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तो उलटासुलटा करून पाहिला होता म्हणे, आणि काही न सुचून सोडून दिला होता. लोखंडी घडीचा पाळणा आणि हा वरवंटा, अशी जोडी ज्या घरी बाळ येईल त्या घरी जाते. या खेपेला ती दोह्याबाहेरच्या समैस्मा गावाहून आली, आदल्या बाळाच्या बाबांच्या गाडीतून.

शुक्रवारी सकाळी घर भरलं. म्हणजे दोह्याच्या मानानं भरलं. नाशिकला असतं तर पन्नास बायका असत्या, इथे सहा-सात जमल्या तरी सुनीतीला खूप वाटलं. पाळण्यापाशी तिच्यासमोर उभी राहणार होती तिची मैत्रीण मृणालिनी. तिचा फोन आला. रस्ता बंद, वळसा, पुढचाही रस्ता बंद, पुन्हा वळसा. "अगं, मी तासाभरापासून त्याच स्टेडियमभोवती फिरतेय. वर्ल्डकप मीच जिंकणार बहुतेक."

"आता गं?" सुनीती कपाळाला हात लावून म्हणाली. अमेयची बहीण, म्हणजे बाळाची आत्या, पुण्याहून फोनच्या पडद्यावर ताटकळत बसली होती. कानात नाव तीच सांगणार होती, फोनमधून.

खालच्या मजल्यावरची रबिया हैदराबादची. ती पुढे आली. "मैं खड़ी हो जाऊँ, भाभी? बस पकड़ना ही तो है ना?"

"बस, पकड़ना ही है," सुनीती म्हणाली, "लेकिन जरा भारी है हां."

आर्मिंदो भिंतीपाशी होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात मांड्यांखाली दाबलेले, पोरगं खुर्चीवर बसतं तसा. अनंतराव त्याच्या शेजारी उभे होते. पाळणा तिथून दोन हातांच्या अंतरावर. ईशा बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती, आणि आर्मिंदोला ते माहीत नव्हतं.

सुनीती आतून आली ती रेशमी कुंची घातलेलं गाठोडं छातीशी धरून. कुंचीच्या कडेला सोनेरी किनार, वर मोत्याचा झुबका. बायकांनी "आलं गं बाई आलं" असा आवाज केला. आर्मिंदो ताठ झाला.

"कुणी गोविंद घ्या," सुनीती म्हणाली आणि वाकून गाठोडं पाळण्याखाली सरकवलं.

"कुणी गोपाळ घ्या," बायका म्हणाल्या, आणि रबियानं हात पुढे केले.

तेलाचा दगड आणि रेशीम. रबियाच्या हातात कुंची आली, वजन आलं नाही. ते आतल्या आत सरकलं, एका बाजूला कललं, आणि कुंचीसकट तिच्या बोटांतून निसटलं. ती किंचाळली. सुनीती किंचाळली, ती आपल्या पायाच्या बोटांच्या भीतीनं. फरशीवर दणका बसणार म्हणून अनंतरावांनी डोळे मिटायला घेतले.

खुर्ची मागे उलटली एवढंच त्यांना कळलं. आर्मिंदो उठलाच नाही, तो बसल्या जागेवरून गेला. अंग आडवं, हात पुढे, दोन्ही अंगठे एकमेकांजवळ. पाळण्याचा दांडा त्याच्या खांद्याला लागला, पाळणा कलंडून भिंतीला टेकला. फरशीच्या वर वीतभर अंतरावर गाठोडं त्याच्या हातांत आलं, आणि त्याच झेपेत तो कुशीवर पडला, गुडघे वर घेतले, आणि गाठोड्याभोवती सगळं अंग गोळा करून मिटून गेला.

मग एक बाई हसली, आणि सगळ्याच हसायला लागल्या, भीती गेल्यावर हसतात तशा. "अगंबाई, वाचला गं वरवंटा!" "वरवंटा कसला, फरशी वाचली! घरमालकानं हाकललं असतं!" फोनमधून आत्या ओरडत होती, "काय झालं? अरे, कुणी सांगेल का मला?"

आर्मिंदो उठत नव्हता. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. सुनीती वाकून म्हणाली, "आर्मिंदोजी, दीजिए," आणि हात लावला, तर त्यानं आणखी घट्ट धरलं.

तेव्हा अनंतरावांच्या लख्ख ध्यानात आलं की आपण काय सांगायचं विसरलो. त्यांचं हसू जागच्या जागी मेलं. ते गुडघे मोडून त्याच्या शेजारी खाली बसले.

"आर्मिंदो. अरे, ते बाळ नाहीये."

"रडत नाहीये," आर्मिंदो डोळे न उघडता म्हणाला. "अनंत, ते रडत का नाहीये?"

"कारण तो दगड आहे. आमची रीत आहे, आधी दगड फिरवतात. माझं चुकलं, सांगायचं राहिलं. बाळ आत आहे, ईशाजवळ. बघ तरी."

आर्मिंदोनं एक डोळा उघडला. कुंची थोडी बाजूला केली. आत काळा, तेलानं चकाकणारा, कपाळाच्या जागी कुंकू लावलेला वरवंटा होता. तो बघत राहिला. मग त्याच्या छातीतून असा एक श्वास बाहेर पडला की जणू तो वीस वर्षं आत कोंडला होता. आणि तो हसायला लागला. फरशीवर आडवा, पांढऱ्या सदऱ्याला तेलाचे डाग, वरवंटा पोटावर, आणि डोळ्यांतून पाणी. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "दगड? तुम्ही लोक पाळण्यात दगड घालता?" आणि पुन्हा हसू लागला. बायकांना आता कळेना की याला एवढं काय झालं.

"क्या हुआ इनको?" रबियानं घाबरून विचारलं. "लग गया क्या?"

"नहीं," अनंतराव म्हणाले. "अच्छा हुआ है."

आर्मिंदो उठून बसला. त्यानं वरवंटा एका हातात घेतला, दुसऱ्या हातात घेतला. मग फक्त उजव्या हातात धरून हात लांब केला आणि तसाच ठेवला. बोटं पांढरी पडली, पण उघडली नाहीत. तो बोटांकडे बघत होता. दुसऱ्याच कुणाची असावीत अशा नवलानं.

"ओला होता," तो अनंतरावांना हळूच म्हणाला. "तेल म्हणजे पावसापेक्षा वाईट."

एवढ्या गोंधळानं आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, चांगला दणदणीत. ईशा तिला घेऊन दारात आली. "आई, काय चाललंय तुमचं? हिला उठवलंत ना शेवटी!"

आर्मिंदोनं वरवंटा सुनीतीच्या हवाली केला. उभा राहिला. सदऱ्याला हात पुसले, मग मोरीत जाऊन साबणानं धुतले, पुन्हा पुसले, आणि ईशासमोर येऊन उभा राहिला. अनंतरावांनी दिलेला शब्द होता, कुणी त्याला काही द्यायचं नाही. ते ईशाला थांबवायला पुढे झाले आणि आर्मिंदोचा चेहरा बघून मागे आले.

"घ्या ना अंकल," ईशा म्हणाली.

त्यानं बाळ घेतलं. मान कोपराच्या खोबणीत, दुसरा पंजा पाठीखाली. बाळ रडत होतं ते थांबलं नाही, उलट सूर चढला. आर्मिंदो त्या रडण्याकडे असा कान देऊन उभा होता की जणू तेच ऐकायला आला होता. अनंतरावांचा जीव भांड्यात पडला. सुनीतीला क्लबची ती हकीकत माहीत नव्हती, पण बाईला काही गोष्टी न सांगता कळतात. ती रबियाला म्हणाली, "तू जरा बैठ, बेटा," आणि पाळणा सरळ करून आर्मिंदोला समोरच्या बाजूला खूण केली.

"अगं, पुरुष कुठे उभे राहतात?" एक बाई कुजबुजली.

"जो पाडत नाही तो उभा राहतो," सुनीती म्हणाली.

पाच वेळा बाळ खालून गेलं आणि वरून आलं. आर्मिंदोला शब्द येत नव्हते. तो प्रत्येक वेळी फक्त मान हलवायचा आणि बाळ पुरतं हातात आलं याची खात्री झाल्यावरच मोठ्यानं श्वास सोडायचा. मग आत्यानं फोनमधून कानात नाव सांगितलं, गार्गी, आणि बायकांनी अमेयच्या पाठीत चार धपाटे घातले. रीत म्हणून, आणि आत्या हाताशी नव्हती म्हणून.

जेवायला न थांबता आर्मिंदो आपल्या घरात गेला. दार उघडंच राहिलं. तो फोनवर बोलत होता. अनंतरावांना पोर्तुगीज येत नाही. पण तो भराभर बोलत होता, मध्ये हसत होता, आणि पलीकडून लेकीनं काहीतरी विचारल्यावर एकच शब्द म्हणाला. तो "ये" असणार. दुसरा कुठला शब्द माणूस असा म्हणत नाही.

ऑक्टोबर संपायला चार दिवस असताना लेओनोर आली. त्या दिवशी अनंतराव बसमधून उतरले तर दुकानापाशी आर्मिंदो नव्हता. चौथ्या मजल्यावर आले तर बोळात येरझाऱ्या घालत होता. खांद्यावर चिमुकलं डोकं, पाठीवर त्याचा वाकड्या बोटांचा पंजा. अनंतरावांना बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्यासाठी एक हात सोडावा लागला, तो त्यानं बिनदिक्कत सोडला.

तेवढ्यात दार उघडून लेओनोर बाहेर आली. प्रवासानं थकलेली, केस विस्कटलेले. तिनं अनंतरावांकडे बघितलं.

"तुम्ही अनंत ना?" ती म्हणाली. "तुम्ही तरी सांगा यांना. विमानतळापासून घेतलंय, ते खाली ठेवतच नाहीत. मला त्याला दूध पाजायचंय."

"देतो," आर्मिंदो म्हणाला, आणि वळून पुन्हा बोळाच्या त्या टोकाकडे चालू लागला.